धुऱ्यावरच्या शिंदीचा पाक होते का?

वावरवाला (समुद्रपूर, जि. वर्धा):
राम राम मंडळी. मावसभाऊ कॅनडात असतो. मार्चमध्ये त्यानं घरामागच्या मेपलला भोक पाडून, बादली अडकवून रस धरला आणि उकळून पाक केला. व्हिडिओ पाहून आई म्हणाली, "बादल्या भरून रस, अन् पाक एवढुसा? सरपण तरी वसूल होते का त्याचं?" खरंच, ४० लिटर रसाचा जेमतेम एक लिटर पाक निघतो म्हणे.

आमच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठानं, शिंदीची, म्हणजे रानखजुराची, सात झाडं आहेत. त्यांचा असा पाक होईल का? अंगणात कडुनिंबही आहे. मागं गावात एका निंबातून आपोआप पांढरं पाणी गळायला लागलं, तर बाया हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. ते चालेल का?

बुढ्याचा पोरगा:
बाबू, निंबाचं सोड. त्याले हात लावशीन तर त्याच बाया तुले धरतीन.

शिंदीचा पाक होते, मस्त होते. आमचा बुढा हिवाळाभर शिंदी छेदे. मेपलले रातच्याले बर्फ पडन अशी थंडी लागते, अन् दिवसा ऊब. शिंदीले आपली डिसेंबरची थंडी पुरे. भोक नाई पाडाचं. शेंड्याखाली एका बाजूच्या झावळ्या उतरवाच्या, तासून पांढरा गाभा उघडा कराचा अन् काही दिवस वाळू द्याचा. मंग तिरपी खाच, तिच्यात बांबूची नळी, खाली मडकं. मडक्याले आतून चुना फासाचा. संध्याकाळी बांधाचं, दिवस निघाच्या आधी उतरवाचं. ऊन लागलं का रस आंबते. मंग पाक राहते बाजूले, पिणारेच धुऱ्यावर रांग लावतात!

दोन-तीन रात्री रस घेतला का तितक्याच रात्री झाडाले सोडाचं. सुटीनंतरच्या पहिल्या रातीचा रस सगळ्यात गोड. पुढच्या साली दुसरी बाजू. पसरट कढईत उकळ, फेस काढत राह्य. दहा लिटरचा किलोभर गूळ पडते. काकवी पायजे असन तर आधीच उतरव.

अन् काट्याले सांभाळ. बुढ्याच्या अंगठ्यात एक काटा मरेपर्यंत होता.

सेलूची सून:
दादा, आधी परवान्याचं पाहा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात रस गोड असला तरी झाड छेदायला परवाना लागतो. उत्पादन शुल्काच्या कार्यालयात विचारा. गंमत म्हणजे १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला तो आपल्याच वर्ध्याच्या मगनवाडीत, आणि ताडगुळाचा प्रचार त्यानंच केला. आमच्याकडं तर गावाचंच नाव सिंदी!

दुसरं, मडक्याच्या तोंडाला आणि खाचेला जाळी बांधा. रात्री वटवाघळं रस चाटतात. बांगलादेशात अशाच कच्च्या खजुरी रसातून निपा हा जीवघेणा विषाणू पसरला. उकळलेल्याची भीती नाही, पण झाडाखाली उभं राहून पेलाभर पिऊ नका.

वावरवाला:
काका, ताई, आभारी आहे. सोमवारी परवान्याचं विचारून येतो. मिळाला तर यंदा दोनच झाडं. आईला वाचून दाखवलं. दहा लिटरला किलो ऐकून म्हणाली, "मंग पुरते. पऱ्हाट्या तशाही वावरात जाळतोस, त्या कढईखाली घाल." मडकं मात्र तिचं लोणच्याचं देणार नाही म्हणे.