अनुभव धागा : घरच्या गाडीचे टायर बदलताना आपण काय पाहिले?

मुंबईत घरच्या गाडीचे टायर बदलायचे ठरले की पहिली चौकशी कंपनीची होते आणि दुसरी किमतीची. या दोन्हींपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी टायरच्या बाजूवरच छापलेल्या असतात, पण त्या वाचून टायर घेणारे फार थोडे भेटतात. त्यातून आपल्या शहरातील गाडीचे दुखणे वेगळे आहे. माणसे कामाला लोकलने जातात, गाडी शनिवार-रविवारपुरती निघते आणि एरवी उन्हापावसात उभी असते. त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होऊन जाते. म्हणूनच ‘अजून नक्षी आहे, एक पावसाळा निघेल’ हे वाक्य मला धोक्याचे वाटते. ज्यांनी अलीकडे टायर बदलले, त्यांनी काय पाहून घेतले, दुकानात काय विचारले आणि कशाला नकार दिला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुलुंड

वडिलांना अधूनमधून परळला रुग्णालयात न्यावे लागते, बाकी आमची गाडी सोसायटीच्या आवारात उभी असते. गेल्या पावसाळ्यात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढच्या टॅक्सीने अचानक ब्रेक लावला, तेव्हा आमची गाडी थांबली खरी, पण एबीएसची (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला जाणवत राहिली आणि मध्ये हातभर अंतर उरले. घरी आल्यावर टॉर्च घेऊन टायर पाहिले. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या आणि नखाने दाबले तर रबर दबत नव्हते. खाचेत १.६ मिलिमीटर उंचीचा एक आडवा उंचवटा असतो; नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की मोटार वाहन नियमांप्रमाणे टायर बाद होतो. आमची नक्षी त्याच्या बरीच वर होती, म्हणजे नियमाने टायर चालण्याजोगे होते, पण ओल्या रस्त्याला धरून ठेवण्याचे काम ते करत नव्हते.

मग तारीख शोधली. बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. अशा वेळी पुढचे चाक पूर्ण वळवून मोबाइलने आतल्या बाजूचा फोटो काढावा. नवे टायर घेताना आम्ही ते रिमवर चढवण्याआधी जमिनीवर आडवे ठेवायला लावले आणि एकेकाची तारीख वाचली. एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन वर्षे जुना निघाला. मालकांनी वाद न घालता तो बदलून दिला, पण विचारले नसते तर तोही चढला असता.

भांडुप

मी टायर कारखान्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून मुलुंडच्या ताईंनी पाहिलेल्या भेगांविषयी थोडे लिहितो. गंधकाने पक्के केलेल्या रबरावर ऑक्सिजन आणि ओझोन सतत काम करत असतात. त्याला आवर घालण्यासाठी मिश्रणात काही रसायने आणि मेण घालतात. टायर रस्त्यावर फिरत असताना दबतो, सुटतो आणि त्या हालचालीने हे मेण पृष्ठभागावर येऊन त्याचा पातळ थर टिकून राहतो. उभ्या गाडीच्या टायरला ही हालचालच मिळत नाही. कमी चालवली म्हणून गाडीचे टायर जास्त वर्षे टिकतील, हा हिशेब त्यामुळे चुकतो. पाचव्या वर्षानंतर दर पावसाळ्याआधी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे तर नक्षी कितीही दिसली तरी ठेवू नयेत.

उलट बाजूही सांगायला हवी. सावलीत, कोरड्या जागी, हवा न भरता ठेवलेला टायर गाडीवरच्या टायरपेक्षा कितीतरी हळू जुना होतो. तेव्हा काही महिन्यांपूर्वीच्या टायरला नाक मुरडण्याचे कारण नाही. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेला आणि काळे पॉलिश मारून चमकवलेला टायर मात्र मी घेणार नाही.

चेंबूर

आमच्या गाडीचा मूळ आकार १८५/६५ आर१५ ८८एच. दुकानात २०५/६५ आर१५ सुचवला. ‘ग्रिप वाढेल, गाडी भारदस्त दिसेल’ असे सांगितले. घरी बसून हिशेब केला. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यावरून मूळ चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो, तर सुचवलेल्याचा ६४७, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०४ ने धावत असेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता वेगळीच. आम्ही मूळ आकारावर ठाम राहिलो.

त्यापुढचे ८८एच वाचणारे आणखी कमी. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो; ८४ असेल तर ५००. गणपतीला पाच माणसे, डिकीत सामान आणि वर टपावर बॅगा घेऊन कोकणात उतरणाऱ्या गाडीला हा फरक सोसत नाही. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा, टी म्हणजे १९०. इतका वेग कोणी गाठणार नाही, पण एक्स्प्रेस वेवर १०० ने भर उन्हात तास-दीड तास चालताना टायर किती उष्णता सहन करतो, याचा या अक्षराशी संबंध आहे. दोन्ही खुणा मूळच्या इतक्या किंवा त्याहून वरच्या असाव्यात, खालच्या कधीच नव्हेत. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे.

दादर

आम्ही दोनच टायर बदलले. कारागीर नवी जोडी पुढे बसवू लागला, कारण गाडी पुढच्या चाकांवर चालते. मी ती मागे बसवून घेतली. पाण्याच्या थरावर पुढची चाके सुटली तर स्टिअरिंग हलके लागते, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बहुधा पुन्हा रस्ता धरते. मागची सुटली तर गाडी जागच्या जागी फिरते आणि घरच्या चालकाला ती सावरत नाही. टायर कंपन्यांचा सल्लाही नवी जोडी मागे बसवण्याचाच असतो.

गोरेगाव

भाचा कॉलेजला जातो, त्याने जुन्या गाडीसाठी निम्म्या भावात वापरलेले टायर आणले. बाहेरून खाचा खोल दिसत होत्या. आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्यांनी बोट फिरवून सांगितले की गोटा झालेल्या टायरला गरम सुरीने नव्या खाचा पाडल्या आहेत : खाचांच्या कडा वेड्यावाकड्या होत्या आणि तळाचा उंचवटा कापला गेला होता. अशा टायरमध्ये खाच आणि आतल्या तारा यांच्यामध्ये रबर जवळजवळ उरतच नाही. ते टायर त्याच दिवशी काढले. पैसे वाचवायचेच असतील तर साधी कंपनी घ्यावी, पण टायर नवा घ्यावा; शिवाय सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

धागाकर्ता

स्टेपनीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. तिची तारीख पाहिली का?

दहिसर

पाहिली, गाडीइतकीच जुनी होती. आमची स्टेपनी लहान आकाराची आहे आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली आहे. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत नेण्यापुरतीच वापरतो आणि हवा महिन्यातून एकदा तपासून घेतो.

अंधेरी

टायर बसवल्यानंतरचे लिहितो. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, म्हणून पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक लावणे आणि वेगाने वळणे टाळावे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडून समतोल करणे) त्याच दिवशी करून घ्यावे. हवा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, भरायचा नव्हे. आमच्या भागात उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक आपटून टायरच्या बाजूला फुगा आला. तिथे आतले दोरे तुटलेले असतात, त्यामुळे त्याला ठिगळ चालत नाही. टायर बदलावाच लागला. भरपाईचा दावा करायला गेलो तेव्हा टायरवरचा क्रमांक बिलाशी जुळवून पाहिला गेला आणि आमच्या बिलावर फक्त ‘टायर नग ४’ एवढेच लिहिले होते. आता स्टेपनीसह पाचही टायरांचे क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय आम्ही दुकानातून गाडी हलवत नाही.