मदत हवी आहे: हेक्झोकायनेज-२ चं स्टेनिंग, कंट्रोलसुद्धा तपकिरी!

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीकडची, एमएस्सीचा प्रकल्प करतेय. विषय तोंडाच्या कॅन्सरचा. आपल्याकडे मिश्री-तंबाखू घराघरांत, त्यामुळे जवळचा वाटला. गाठीच्या पॅराफिन ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यांत) हेक्झोकायनेज-२ हे एन्झाइम किती दिसतं, ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (अँटिबॉडी चिकटवून हवं ते प्रथिन तपकिरी रंगवायची पद्धत) बघायचंय. हे एन्झाइम ग्लुकोजला फॉस्फेट जोडून पेशीत अडकवतं. पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढतात तो) गाठ उजळते तीही याच कामामुळे.

अडचण अशी. प्रायमरी अँटिबॉडी (एन्झाइमला चिकटणारी पहिली) न घातलेली कंट्रोल स्लाइडही तपकिरी येते, ती खरं तर कोरी दिसायला हवी. म्हणजे दोष प्रायमरीत नाही, एवढं कळलं. तुकड्यातलं मूळचं पेरॉक्सिडेज एन्झाइमही तपकिरी रंग देतं, म्हणून ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने १० मिनिटं ब्लॉक करते, पण बाटली उघडून बरेच महिने झालेत आणि उन्हाळ्यात ती बाहेरच होती. पेरॉक्साइडचं विघटन होऊन ते निकामी झालं असेल का? की सेकंडरी (प्रायमरीला चिकटून रंग आणणारी दुसरी अँटिबॉडी) जास्त दाट होतेय? (पावसात लाइट जाते तेव्हा फ्रिजचं काय होतं ते विचारूच नका.)

दुसरं, जिभेच्या तुकड्यांत खालचा स्नायूही रंगतो. स्नायूत हे एन्झाइम मुळातच असतं, तेव्हा त्याला आतला पॉझिटिव्ह कंट्रोल (रंग यायलाच हवा असा भाग) धरू का? आणि गाठीच्या मधोमध, मेलेल्या भागालगत, रंग गडद आहे. तिथे ऑक्सिजन कमी पडतो म्हणून एन्झाइम खरंच वाढलंय, की कडेला रंग नुसता साचलाय? ० ते ३०० चा एच-स्कोअर (किती टक्के पेशी किती गडद रंगल्या त्याचा आकडा) काढताना तो पट्टा धरायचा की सोडायचा?

ज्यांनी हाताने स्टेनिंग केलंय त्यांनी कृपया सांगा. ब्लॉक मोजकेच उरलेत.