नागपूर–पुणे विमान : दारापासून दारापर्यंत किती तास लागले?

नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई अंतर साधारण 605 किलोमीटर. तिकिटावर दीड तासाच्या आतबाहेर वेळ असतो. पण घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दारात चपला काढेपर्यंत तुम्हाला किती तास लागले ते लिहा. मुलगी यंदा शिकायला पुण्याला गेली आहे, तिच्यासाठी विचारते आहे.

▪ मी पुण्यात हिंजवडीत राहतो, घर नागपुरात मनीषनगरला. साडेसातचं विमान होतं, चारला निघालो. लोहगाव गाठायलाच दोन तास गेले. इकडे मात्र उतरल्यावर पंधरा मिनिटांत घर. एकूण साडेपाच तास. ताई, मुलीला सकाळचं पहिलं विमान घ्यायला सांगा, पुण्यातले रस्ते तेव्हाच मोकळे असतात.

▪ ताशी 800 किलोमीटरने भागलं तर पाऊण तास येतो, मग बाकीचा वेळ जातो कुठे? विमान तो वेग वर गेल्यावरच धरतं. चढताना-उतरताना कमी वेग, शिवाय धावपट्टीपर्यंतचं रांगणं. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, लढाऊ विमानंही तीच धावपट्टी वापरतात, त्यामुळे थांबावं लागतं. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणून पुण्याला जाताना थोडा जास्त वेळ लागतो, नागपूरला येताना कमी.

▪ आम्ही वर्ध्याचे. विमानाचं कौतुक ऐकून राहिलो, पण त्यासाठी आधी 75 किलोमीटर उलटं नागपूरला जा! अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली, वर्ध्याला थांबते. अजनीपासून 881 किलोमीटर, बारा तास. आईबाबांना तीच बरी.

▪ रात्री अकराला भावाचा फोन आला, बाबांना दवाखान्यात नेलंय. ट्रॅव्हल्सनं गेले असते तर दुसऱ्या दिवशी दुपार झाली असती. पहाटेच्या विमानाचं तिकीट नेहमीच्या तिप्पट होतं, काढलं. नऊच्या आत मी त्यांच्या खाटेशी होते. "एवढ्या लवकर कशी आलीस?" एवढंच विचारलं त्यांनी. दुपारनंतर ते बोलले नाहीत. ताई, मुलीच्या खात्यात एका तिकिटापुरते पैसे कायम ठेवा. बाकी प्रवास ती कशानेही करो.

▪ माझ्या आईचं माहेर लोणार. नागपूर–पुणे सरळ रेष ओढली तर ती लोणारच्या जराशी दक्षिणेकडून जाते, म्हणून पुण्याला येताना तिला उजवीकडची खिडकी दिली. सत्तरीतला पहिला विमानप्रवास. निघाल्यावर अर्ध्या तासानं तिनं माझं मनगट धरलं. खाली ते गोल तळं! जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं विवर, वरून ताटलीएवढं दिसत होतं. लहानपणी ती त्याच्या काठानं देवळात जायची. ढगांनी झाकेपर्यंत तिनं मान वळवली नाही. पावसाळा सोडून जा आणि उजवीकडचीच जागा मागा.