पावसाळ्यात कानाला खाज आणि दडे बसणे

प्रश्न (डिचोलीहून):
गेले दहा दिवस माझ्या उजव्या कानाला खाज सुटते आणि दडा बसल्यासारखे वाटते. आईने खोबरेल तेलात लसूण कढवून दोनदा घातली, पण खाज वाढली. काल कापसाला ओल्या टीपकागदासारखा करडा चिकटा आणि त्यात काळे ठिपके लागले. हा मळच असावा का?

उत्तर (फोंडा):
ते वर्णन मळाचे नसून बुरशीचे वाटते. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः कानात पाणी राहिल्यावर, ॲस्परजिलस ही बुरशी वाढते आणि काळे ठिपके बहुधा तिचेच असतात. तेलाने ओलावा टिकतो, म्हणून ते आधी बंद करावे. डॉक्टर सक्शनने (घाण ओढून घेणाऱ्या बारीक नळीने) कान साफ करून बहुधा क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशक औषधाचे थेंब देतात. मात्र पडद्याला छिद्र नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणतेही थेंब स्वतःहून घालू नयेत. घरात उरलेले अँटिबायोटिक थेंब तर नकोतच, कारण त्यांनी बुरशी उलट फोफावू शकते.

उत्तर (म्हापसा):
मला गेल्या वर्षी हेच झाले होते. खाज थांबताच मी थेंब घालणे बंद केले आणि चतुर्थीच्या सुमारास दुखणे परतले. आता आंघोळीपूर्वी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवतो. केसांची पिन तेवढी कानात घालू नका.

उत्तर (फोंडा):
मधुमेह असून रात्री झोपमोड करणारी कळ येत असेल किंवा तोंड वाकडे होत असेल, तर त्याच दिवशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे.