प्रतिसाद: पाण्याचं बॅलास्ट

'पाण्याचं बॅलास्ट असेल तर होडी ट्रेलरवर हलकी राहते, मग शिशाची कील हवीच कशाला?' हा वरचा मुद्दा रस्त्यापुरता शंभर टक्के पटतो. (बॅलास्ट म्हणजे शिडाची होडी उलटू नये म्हणून तळाशी ठेवलेलं वजन, इथे टाकीत भरलेलं पाणी; कील म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं जड पातं.) उताराच्या धक्क्यावर टाकी रिकामी केली की लहान गाडीही होडी ओढते. पण पाणी हलकं, त्याला जागा फार लागते! टाकी होडीच्या पोटातच राहते, कीलसारखी खोल जात नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं पाणी तिला सरळ करायला कमी मदत करतं. म्हणून अशी होडी पहिल्या झुळकीलाच पटकन कलते आणि मग एका कोनावर घट्ट थांबते. शिसं पाण्यापेक्षा सुमारे ११ पट जड. ते थोड्या जागेत, खूप खाली बसवता येतं. मॅकग्रेगर २६एम या शिडाच्या होडीत सुमारे ५२० किलो पाण्याबरोबर १३६ किलो कायमचं बॅलास्टही दिलं होतं, ते उगीच नाही.

आणखी एक, टाकी अर्धवट कधीच ठेवू नका. मी एकदा घाईत पाऊण भरून निघालो. होडी कलली की आतलं पाणीही त्याच बाजूला धावायचं, त्यामुळे ती आणखी कलायची. शीड निम्मं गुंडाळून कसाबसा परतलो. टाकी काठोकाठ भरून हवेचं बूच घट्ट लावायचं, नाहीतर पूर्ण रिकामी.