म्हाताऱ्या कोंबड्यांचं खाद्य बदलायचंय, मदत हवी आहे

कोल्हापुरात कसबा बावड्यात आमच्या परसात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बहुतेक पाच वर्षांच्या पुढच्या. अंडी आता कधीमधीच, तीही पातळ कवचाची. (तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा सल्ला नको, तो रोज घरीच मिळतो.)

सध्या मक्याचा भरडा, कणी आणि लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) देतो. लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या आणि कोंबड्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. म्हणून सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पिल्लांचं, कमी कॅल्शियमचं) आणि कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, जिला लागेल ती खाईल, असा विचार आहे. कुणी असं केलंय का? कवच सुधारलं का? प्रथिनांसाठी सुकट धुऊन दिली तर चालेल, की मीठ तरीही जास्तच होतं?

दुसरं, इथल्या पावसात खुराड्यातला भुसा सुकतच नाही. एकीच्या तळपायाला काळी खपली धरून सूज आलीय, लंगडते. बसायची दांडी खाली घेतलीय, भुसा बदलतोय. कोंबड्या नीट तपासणारे पशुवैद्य कोल्हापुरात कुठे भेटतील?