नोटीस बोर्डावरचा तो कागद

जोशी काका, ए-३०२: बोर्डावर 'दीड ते अडीच वर्षांच्या मुलांची वर्तन तपासणी' असा कागद कोणी लावला? एवढ्याशा पोराचं कसलं आलंय वर्तन?

सेक्रेटरी: काका, मीटिंगमध्येच ठरलंय. रविवारी सकाळी १०, क्लब हाऊस. सक्ती नाही.

जोशी काका, ए-३०२: आमचा चिरंजीव तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आज हिंजवडीत टीम लीड आहे.

शिंदे, बी-६०४: आणि आता एजीएममध्ये बोलायचं थांबतच नाही 😄

जोशी काका, ए-३०२: शिंदे, प्रत्येक ठिकाणी विनोद नको.

कुलकर्णी मॅडम, सी-२०१: तपासणी व्हायलाच हवी. गणपतीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी कोणाचं नाव घेत नाही.

सी-५०३: नाव न घेताही कळलं, मॅडम. ढोल सुरू झाल्यावर तो कान दाबून टेबलाखाली शिरला होता. हाताला धरून बाहेर ओढला, तेव्हा चावला. ओढलं कोणी, तेही सगळ्यांनी पाहिलंय.

कुलकर्णी मॅडम, सी-२०१: मी मदतच करत होते. असो.

साने, ए-७०१: ए विंगला पाणी नाही. कोणी बघतंय का?

पाटील ताई, डी-१०२: माझी नोकरी आरोग्य खात्यात गेली, म्हणून सांगते. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांना पथकाने वर्षातून दोनदा तपासायचं असतं, त्यात वाढीतला विलंबही बघतात. आपली मुलं अंगणवाडीत जातच नाहीत. लस, वजन झालं की घरी. हाक मारल्यावर वळतं का, आवडलेली गोष्ट बोटाने दाखवतं का, हे त्यांच्याबाबत विचारतं कोण?
रविवारचा कागद स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक चाचणीचा आहे, १६ ते ३० महिन्यांसाठी. २० प्रश्न, हो किंवा नाही, आई-बाबांनी भरायचे. गुण ३ ते ७ आले तर त्याच उत्तरांवर खोलात विचारतात. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. २ पर्यंत असले तरी, मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरायचा. हे निदान नव्हे.

जोशी काका, ए-३०२: पुन्हा सांगतो, आमचा चिरंजीव तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.

देसाई, बी-१०३: ज्या मुलांना गरज आहे त्यांची यादी इथेच टाका, नियोजन सोपं जाईल.

पाटील ताई, डी-१०२: अजिबात नाही. एकाही मुलाचं नाव ग्रुपवर येणार नाही. मला वैयक्तिक मेसेज करा.

सी-५०३: 'मुलगे उशिराच बोलतात' हे ऐकून कोणी थांबू नका. आधी कान तपासून घ्या, ते हमखास राहून जातं. आणि पक्कं निदान व्हायच्या आधीही थेरपी सुरू करता येते. आमचा आता पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो, आणि माझ्याकडे बघतो. हे बघणं आधी नव्हतं.

कुलकर्णी मॅडम, सी-२०१: 🙏

जोशी काका, ए-३०२: कोणाच्या मुलाबद्दल मी बोललो नाही. पण आमचा चिरंजीव तीन वर्षांचा

जोशी (सूनबाई), ए-३०२: पाटील मावशी, फॉर्मसाठी तुम्हाला मेसेज केलाय.

जोशी काका, ए-३०२: हे घरी बोलता आलं असतं.

जोशी (सूनबाई), ए-३०२: घरी बोलले होते, बाबा. दोनदा.

सेक्रेटरी: टँकर आलाय, गेटसमोरच्या गाड्या काढा. रविवारी खुर्च्या लावायला दोघे हवेत.

शिंदे, बी-६०४: मी येतो.